खळीतला मोरचूद

"बाई, खळीत मोरचूद किती घातलात?"

मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं, तेव्हा शाळा सुटून तास झाला होता. मी ऐटीत म्हणाले, "चांगला मूठभर. कसर लागायची बिशाद नाही."

खळ म्हणजे मैदा शिजवून केलेला चिकट लगदा. मोरचूद हे निळं विष. कागदाला कीड लागू नये म्हणून खळीत चिमूटभर घालतात. मी पिंपरीच्या शाळेत हस्तकलेची नवी बाई. वय वीस, अक्कल बेताची. नव्या औषध कारखान्यातली रिकामी खोकी आणून चौथीच्या मुलींकडून मी त्यांच्या पेट्या करून घेतल्या होत्या. बाहेरून घोटीव कागद, आतून नुसत्या खळीचा हात, पुठ्ठा कडक व्हावा म्हणून. संक्रांत होती. त्यातच तिळगूळ भरून अकराजणींना घरी धाडलं होतं.

"आत कागद घातलात?"

"नाही."

मोठ्या बाई उठल्याच. "पळा. देवापुढे ठेवल्याशिवाय खाऊ नका, असं मी मुलींना बजावलंय. दिवेलागणीपर्यंत वेळ आहे. आणि त्या टाचेच्या चपला काढा आधी."

गावठाणापासून निर्वासितांच्या कँपापर्यंत अनवाणी धावले. दारोदार एकच वाक्य, "तिळगूळ परत द्या." एका आईनं विचारलं, "बाई, आता गोड बोलायचं का भांडायचं, तेवढं सांगा." दहा पेट्या हाती आल्या. राहिली नदीकाठच्या मळ्यातली शेवंता.

तिची आजी ओट्यावर बसलेली. शेजारी पेटी, रिकामी.

"आजी, तिळगूळ कुणी खाल्ला?"

"कुनी न्हाई. येक वडी मुंग्यांम्होरं टाकली. गुळाला मुंगी शिवंना, म्हंजी कायतरी खोट हाय. पोरीला म्हनलं, तोंडात घालू नगं. समदा फडक्यात बांधून ठिवलाय." मग मला वरखाली न्याहाळत, "तूच क्येलास व्हय गं?"

"तिळगूळ मोठ्या बाईंचा. विष माझं."

"बरं, बस. पानी पी."

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेट्या मोठ्या बाईंनी शाळेमागे पुरायला लावल्या, मुलींसमोर, माझ्याच हातानं. मला कायम करण्याचा कागदही वर्षभर अडवून धरला. बरोबरच केलं.

पुढे कितीतरी वर्षं मी हस्तकला शिकवली. कुणी पेटी सजवायला घेतली, की आधी विचारायचे, हिच्यात ठेवणार काय? रंग कुठला, ते मागाहून.