कुंपणातला सैल पत्रा

बडोद्याच्या छाणी भागातल्या त्या पत्र्याच्या कुंपणाची गोष्ट मी नोकरी सोडल्यावरही विसरलेलो नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या मानाने हा गुन्हा फारच किरकोळ होता. तरी माझ्या सेवेतला सर्वांत आनंदाचा तपास कोणता असं कोणी विचारलं, तर मी हाच सांगतो.

मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. एके सकाळी मोटर रिवाइंडिंगच्या एका वर्कशॉपचा मालक फिर्याद घेऊन आला. आदल्या संध्याकाळी वर्कशॉप बंद झाल्यावर कोणीतरी किल्लीने कुलूप उघडून तांब्याच्या तारेची रिळं पळवली होती. कॅमेऱ्याची वायर आधीच काढलेली, म्हणजे काम आतल्याच माणसाचं. मालकाखेरीज किल्ली दोघांकडे असायची. एक मालकाचा मेहुणा आणि दुसरा तिथे काम करणारा एक मराठी तरुण. मेहुणा फिर्यादीच्या वेळी सोबतच होता आणि त्याने पहिल्या दमात त्या तरुणाचं नाव घेतलं.

तरुणाची रेल्वेत निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती आणि ते कागद माझ्याच ठाण्यात येणार होते. चोरीच्या गुन्ह्यात नाव आलं असतं, तर नोकरी हातची गेली असती. हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

दुपारी चोरीची बातमी ऐकून एक वयस्क गृहस्थ आपणहून ठाण्यात आले. ते त्या तरुणाचे सख्खे काका. दोघा भावांनी एकाच प्लॉटवर लागून घरं बांधली होती. पुढे वडिलांच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून बिनसलं आणि थोरल्याने, म्हणजे या काकांनी, अंगणाच्या मधोमध, पुढच्या फाटकापासून मागच्या मोरीपर्यंत, पत्र्याचं कुंपण घातलं. धाकटा भाऊ बाहेरगावी नोकरीला, घरी त्याची बायको आणि हा मुलगा.

"काल संध्याकाळी मी हिंचक्यावर झुलत बसलो होतो, टीव्हीवर बातम्या चालू होत्या," काका बडोद्याच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले. "त्याला विचारत कोणीतरी आलं. त्याची आई म्हणाली, घरी नाही. मी पत्र्याआडून स्वतः ऐकलं. बरोबर ने, साहेब, माहिती द्यायला हवी ने?"

वेळ नेमकी चोरीची होती. मी विचारलं, पुतण्याविरुद्ध जबाब द्यायला काही वाटत नाही का?

"पुतण्या कसला? यंदा माझ्या नातवाची मुंज केली. अर्धी छाणी जेवली, पण त्या घराला आमंत्रण नव्हतं. आमची माती वेगळी, पाणी वेगळं."

अशी माणसं ठाण्यात फार येतात. गुन्ह्याचं त्यांना सोयरसुतक नसतं, शेजाऱ्याची जिरवायची असते. पण खोडसाळ माणसाने दिलेली खबर खोटीच असते असं नाही, म्हणून मी त्यांचा जबाब लिहून घेतला.

तरुणाला चौकशीला बोलावलं. तो म्हणाला, घरी होतो. आईने तर आलेल्या माणसाला घरी नाही म्हणून सांगितलं होतं, असं म्हणताच त्याने मान खाली घातली. मोबाइलचं लोकेशन मागवलं, पण त्याचं घर, वर्कशॉप आणि आमचं ठाणं सगळं एकाच टॉवरखाली, त्यामुळे त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दरडावून झालं, चहा पाजून झालं. मान खाली ती खालीच. माझा हवालदार वैतागून म्हणाला, "साहेब, आ छोकरो कंई बोलतो नथी."

संध्याकाळ झाली तसा तो भिंतीवरच्या घड्याळाकडे सारखा बघू लागला. मग म्हणाला, "साहेब, थोडा वेळ घरी जाऊन येऊ? लगेच परत येतो."

"कशाला?"

उत्तराऐवजी त्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मला पक्कं वाटलं की माल घरात आहे आणि याला तो हलवायचा आहे. त्याला हवालदाराजवळ बसवून मी दोन पंच आणि एक महिला कॉन्स्टेबल घेऊन तडक त्याच्या घरी गेलो.

झडतीत काही मिळालं नाही. त्याची आई डबे करून द्यायची, स्वयंपाकघरात तेव्हाही पोळ्यांची चळत होती. ती रडली नाही की तिने गयावया केली नाही. झडती आटोपल्यावर तिने पंचांपुढे बशीत चिवडा ठेवला आणि माझ्यापुढे एका नव्या कोऱ्या स्टीलच्या वाटीत. बशा फळीवर भरपूर होत्या, मग मला एकट्यालाच वाटी का? ती वाटी तिने मुद्दाम फिरवून माझ्याकडे केली.

वाटीवर नाव कोरलेलं होतं. कोणा चिरंजीवाच्या मुंजीप्रीत्यर्थ सप्रेम भेट, खाली या वर्षाची तारीख आणि आडनाव या घराचंच. आमच्या मराठी घरांत मुंजीला आलेल्या पाहुण्यांच्या हातावर अशी वाटी ठेवतात. मीही बडोद्याचा मराठी. माझ्या घरी अशा वाट्यांची उतरंड आहे. ज्या मुंजीचं आमंत्रण नव्हतं, तिची वाटी या घरात आली कशी?

"ही वाटी कुठली?" मी विचारलं.

"श्रीखंड आलं होतं त्यात," ती म्हणाली.

"कोणाकडून?"

"मी शब्द दिलाय, साहेब. मला बोलता येत नाही. पाहुण्याला कशात खायला द्यावं, यावर काही शब्द दिलेला नाही." एवढं बोलून तिने मागच्या दाराकडे पाहिलं.

मी मागे गेलो. मोरीजवळच्या पत्र्याचे खालचे बोल्ट काढलेले होते. पत्रा हाताने सरकत होता. त्याच्या धारदार कडेला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळून शिवला होता, जाता-येता कोणाला लागू नये म्हणून. दोन्ही बाजूंची माती पावलांनी गुळगुळीत झाली होती. तिथे उभा असताना मला हसूही आलं आणि भरूनही आलं. पुढे काका पहारा देत होते आणि मागे त्यांची सीमा केव्हाच खुली झाली होती.

आम्ही रस्त्याने वळसा घालून काकांच्या घरी गेलो. काका हिंचक्यावरून उठून उत्साहाने म्हणाले, "सापडला माल?"

"अजून नाही. तुमच्या मिसेसचा जबाब हवाय."

काकू आतल्या खोलीत काळा चष्मा लावून बसल्या होत्या. थोड्याच दिवसांपूर्वी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. मी म्हटलं, "काकू, तुमचा पुतण्या दुपारपासून ठाण्यात आहे. चोरीचा आळ आहे त्याच्यावर. काल संध्याकाळी कुठे होता ते सांगत नाही."

त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याने सांगितलं नव्हतं. त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. 

"तो इथे होता. या खोलीत, माझ्यासमोर. माझ्या डोळ्यांत औषध घालत होता."

"इथे?" काका म्हणाले. "कधी?"

"रोज. तुम्ही दुपारी झोपलात की त्याची आई येते. संध्याकाळी तिच्याकडे डबे न्यायला लोक येतात, म्हणून तुमच्या बातम्या लागल्या की तो येतो."

"तू तर म्हणालीस, मीच घालते."

"मला धड दिसत नाही, मी कशी घालणार? आणि तुमचे हात कापतात. त्या घराशी संबंध ठेवलास तर तुझा माझा संबंध संपला, असं म्हणाला होतात ना? म्हणून मी त्या दोघांना शपथ घातली, कोणाला सांगू नका म्हणून. आता काढा मला घराबाहेर. पण आधी त्या पोराला घरी आणा."

 ज्या वेळी काका पुतण्या घरी नसल्याची खात्री करून घेत होते, त्याच वेळी पुतण्या त्यांच्याच घरात त्यांच्या बायकोची सेवा करत होता. महिला कॉन्स्टेबलने काकूंचा जबाब तिथेच लिहून घेतला. याहून भक्कम साक्ष मला नोकरीत मिळाली नाही, कारण विरोधात जबाब देणाऱ्याच्याच घरातली बाई स्वतःचा संसार पणाला लावून खोटं बोलेल, असं कोणतंही कोर्ट मानणार नाही.

मी स्वतः त्या तरुणाला जीपमधून घरी आणलं. तो सवयीने आपल्या घराकडे वळला, मागच्या पत्र्याकडे. काकांनी आपलं पुढचं फाटक उघडलं आणि म्हणाले, "इकडून ये. औषधाची वेळ टळून गेलीय."

आता किल्लीवाला एकच उरला होता, मालकाचा मेहुणा. शहरातल्या पाणीगेट भागातल्या भंगारवाल्यांत माझा एक खबरी होता, त्याला इशारा देऊन ठेवला. दोनच दिवसांत निरोप आला की रिळं विकायला गिऱ्हाईक येतंय. मेहुण्याला आम्ही मालासकट पकडलं. त्याने फार वेळ घेतला नाही. दुसऱ्यावर बोट दाखवायला जो सर्वांत आधी पुढे येतो, त्याची जीभ पहिल्या तासात सैल पडते असा माझा अनुभव आहे. मालकाने भर ठाण्यात त्या तरुणाला हात जोडले. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि माझ्या हवालदाराने सर्वांत जास्त.

या तपासाने मला एक सवय लावली. कुठल्याही घरच्या भांडणात मी आधी पुरुषांचे जबाब घ्यायचो, ते बंद केलं. कुंपण कुठून कुठवर आहे हे घालणारा छाती फुगवून सांगतो. त्यातून माणसं कुठून जातात-येतात, हे स्वयंपाकघरातच कळतं.

महिन्याभराने त्याच्या पडताळणीचे कागद माझ्या टेबलावर आले. त्यात वर्तणुकीबद्दल दोन शेजाऱ्यांचे जबाब लागतात. पहिला शेजारी येऊन गेला. दुसरे म्हणून काका इस्त्रीचा सदरा घालून आले. त्यांनी मुलाची इतकी तारीफ केली की लिहिणाऱ्याचा हात दुखला. शेवटी सहीआधी लेखनिकाने विचारलं, "नातं काय लिहू? शेजारी ने?"

"शेजारी नाही. काका लिहा."

मी मध्ये पडलो. "अहो, नातेवाइकाचा जबाब चालत नाही. शेजारी म्हणून सही करा, काम आत्ता होऊन जाईल. शेजारी तर तुम्ही आहातच."

"नाही, साहेब. मी त्याचा काका आहे," ते म्हणाले. आणि लिहिलेला जबाब तसाच टेबलावर सोडून ते उन्हात बाहेर पडले, पुतण्यासाठी दुसरा शेजारी शोधायला.