चालत नाही

धर्मांतरानंतरच्या एक-दोन वर्षांत मी राळेगाव तालुक्यात पत्रकं वाटत हिंडायचो. वय एकोणीस, आवाज मोठा. स्वतः लिहिलेल्या एका पत्रकात मी ‘चालत नाही’ या दोन शब्दांवर बंदी घातली होती. अमक्याच्या हातचं चालत नाही, तमक्याचं पाणी चालत नाही, हे ऐकण्यात आमच्या पिढ्या गेल्या. आता हे शब्द कोणाच्याही तोंडी नकोत, असा माझा हुकूम. तो पाळणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटाच होतो, ही गोष्ट वेगळी.

एकदा गावाबाहेरच्या वस्तीत सभा झाली. या वस्तीतल्यांच्या हातचं पूर्वी आमच्याही घरी घेत नसत. म्हणून आज मी इथेच जेवणार, असं मी भाषणात गरजून सांगितलं. सभा संपल्यावर एका म्हाताऱ्या मावशीने मला घरी नेलं. ताटात ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी आणि भाजीवर दाण्याच्या कुटाचा जाड थर. पाहुण्यासाठी मुद्दाम.

लहानपणापासून शेंगदाणा पोटात गेला की मला ओकाऱ्या होतात. आई माझं कालवण वेगळं काढायची. पण हे मावशीला कोणत्या शब्दांत सांगायचं? दारात अर्धी वस्ती उभी. मी तत्त्वासाठी एक घास घेतला. तत्त्व मोठं असल्यामुळे सहा घेतले.

आधी ओठ खाजले, मग पोटात पीळ पडला. क्रांतिकारक उठून बाहेर धावला आणि मावशीच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात, सगळ्यांदेखत, भडाभडा ओकला.

मावशीने हातातला तांब्या खाली ठेवला.

“आमच्या हातचं नाही पचलं ना बापू तुले?” ती म्हणाली. “नुसतं भाषण पचते.”

मी तोंड पुसलं. “मावशी, मले दाणे चालत नाहीत. लहानपणापासून.”

“मंग आधी काहून नाही सांगतलं?”

“ते शब्द मी बंद केले हायेत.”

“कायले? दाण्यानं काय केलं तुह्यं?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. ती मात्र हसली नाही. आत जाऊन कोरडी भाकर आणि मीठ घेऊन आली. “हे खाऊन दाखव. मंग मानीन.”

पोट अजून पिळवटत होतं. मी ओट्यावर बसून बारीक तुकडे करत अर्धी भाकर संपवली. ती समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. बऱ्याच वेळाने, भाकर आत राहिली अशी खात्री पटल्यावर, ती दारातल्या लोकांकडे वळली.

“जा रे घरी सारे. दाणे नाही चालत त्याले. आपन चालतो.”