कॅबिनेटचा करंट

लग्न होऊन मी डोणगावला आले, त्याच्या पुढच्या वर्षी नवऱ्याने मेहकरच्या एका बंद पडलेल्या नेट कॅफेतून हा कॉम्प्युटर आणला. माझा मराठी टायपिंगचा हात चांगला होता. हळूहळू घरी कामं यायला लागली. शिकवणीवाल्यांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिकांचे मजकूर, कुणाचा अर्ज. आता नवीन घे म्हणून सगळे सांगतात, पण माझ्या बोटांना बसलेला जुना फॉन्ट त्या जुन्या मशीनवरच नीट चालतो. नव्यावर जोडाक्षरं फुटतात.

त्याच्या खोड्या मला तोंडपाठ आहेत. बटण दाबल्यावर नुसते बीप वाजले आणि स्क्रीन काळी राहिली, की मी बाजूचं झाकण काढते, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर फिरवते आणि परत बसवते. तारीख आपोआप मागे गेली, की आतला नाण्याएवढा सेल बदलते. पंखा घरघरायला लागला, की रंगाच्या ब्रशने धूळ झाडते. यातल्या कशाचीही मला कधी भीती वाटली नाही. भीती वाटली ती करंटची.

त्याला कारण आहे. माझं माहेर उंद्रीजवळ. मी कॉलेजात होते तेव्हा माझा मोठा भाऊ शेतात मोटर सुरू करायला गेला आणि विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीलाच चिकटला. ओल्या वाफ्यातून अनवाणी गेला होता. त्याला ओढायला गेलेल्या काकांनाही जोराचा झटका बसला, ते फेकले गेले म्हणून वाचले. भाऊ वाचला नाही. तेव्हापासून मी ओल्या हाताने साधं बटणसुद्धा दाबत नाही. मिक्सर लावताना श्वास रोखून धरते. हे मी सासरी कुणाला फारसं बोलून दाखवत नव्हते. भाऊ कसा गेला ते सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे माझ्या रोजच्या रोज भिण्याची गोष्ट वेगळी काढावी असं वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी पेन ड्राइव्ह लावायला मी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटच्या मागे हात घातला आणि मनगटापर्यंत मुंग्या चढल्या. हात झटकन मागे घेतला. वाटलं, हात अवघडला असेल. पुन्हा बोटाचं टोक लावून पाहिलं. पुन्हा तेच, बारीक, पत्र्याखाली काहीतरी थरथरत असल्यासारखं.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. तो मेहकरला बी-बियाणांच्या दुकानात कामाला आहे. मी त्याला सांगितलं. त्याने कॅबिनेटवर सरळ तळहात ठेवला.

"कुठं काय आहे? काईच तं लागून नाई राह्यलं."

"तुमच्या पायात चप्पल आहे."

त्याने चप्पल काढली, पुन्हा हात ठेवला. "आता? काईच नाई. तुह्या मनातलं भेव आहे ते."

मी स्वतः हात लावून पाहिला. खरंच काही लागलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं, पण उलट जास्त भीती वाटली. सारखा लागणारा करंट असता तर तो कुठे आहे ते कळलं असतं. हा कधी असायचा, कधी नसायचा.

मी टेस्टर आणला. कॅबिनेटच्या स्क्रूला टोक लावून मागच्या टोपीवर अंगठा ठेवायचा, की आत दिवा लागतो. टेस्टरमधून बेताचाच करंट येतो हे मला माहीत होतं, तरी पहिल्यांदा अंगठा ठेवताना माझी मान ताठ झाली होती. दिवा मिणमिणला, अगदी मंद, पण लागला. टीव्हीच्या पत्र्याला लावला, तिथे नाही. मग दोन दिवस कॅबिनेटवरचा तो मिणमिणता दिवा तसाच राहिला आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी एकदम लखलखीत झाला. त्या दिवशी झटका मनगटापर्यंत नाही, कोपरापर्यंत बसला. खुर्ची मागे सरकून मी भिंतीवर आदळले.

सासूबाई आतून आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. सडपातळ बाई, पण आवाज खणखणीत आणि दिवसभर अनवाणी. "काय झालं वं? काऊन ओरडली?"

"आत्याबाई, त्या डब्याला हात लावू नका. करंट आहे."

"मी रोजच पुसतो त्याले ओल्या फडक्यानं. मले तं काई होत नाई."

रोज. ओल्या फडक्याने. मी त्यांच्या हाताला धरून त्यांना शपथ घातली, की मशीनच्या खोलीत पुसायचं काम माझं. त्या हसल्या, पण हो म्हणाल्या. नंतर मी शेजारणीशी बोलताना त्यांना ऐकलं, "सूनबाई लई भितरी आहे आमची."

मी मशीन दोरीने बांधून नवऱ्याच्या गाडीवर मेहकरला नेलं. दुरुस्तीवाल्याने ते टेबलावर ठेवलं, सुरू केलं, बोट लावलं, टेस्टर लावला. काही नाही. मी लावला. काही नाही.

"ताई, इथं तर ओके आहे," तो म्हणाला. "तुमच्या समाधानासाठी पॉवर सप्लाय बदलून देऊ का?"

"बदला."

आम्ही पॉवर सप्लाय बदलून घरी आलो. संध्याकाळी सुरू केलं, दिवा पहिल्यासारखा मंदच. दुसऱ्या दिवशी तसाच. मी स्वतःला समजावलं की झालं, संपलं, जुन्या मशीनला एवढं चालतंच. बीबी गावच्या एका सरांच्या प्रश्नपत्रिका अडकल्या होत्या, त्या पायाखाली लाकडी पाट घेऊन पूर्ण केल्या. आणि त्यानंतर एका सकाळी माउस सरकवताना माझी करंगळी कॅबिनेटला लागली आणि झटका खांद्यापर्यंत आला. पाटावर पाय असूनही. दुसरा हात भिंतीला टेकला होता म्हणून असेल. मी रडले. भाऊ डोळ्यापुढे आला. तो कसा पडला असेल, त्याला कळलं असेल का, हे मी वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवलेलं सगळं वर आलं.

त्या दिवशी मी प्लग काढला आणि मशीनवर चादर टाकली. नवरा म्हणाला, "विकून टाक मंग." तो चिडून नाही, खरंच म्हणाला. पण ते काम माझं होतं. ते गेलं असतं तर घरात माझं म्हणावं असं काही उरलं नसतं. आणि दुसरी एक गोष्ट मला झोपू देत नव्हती. दुकानात जे शांत होतं ते घरी चावत होतं, म्हणजे दोष मशीनमध्ये नसून घरात असणार. मशीन विकून तो जाणार नव्हता.

आत्याबाईंना माझं चादर टाकून बसणं बघवलं नाही. पोळ्या लाटता लाटता त्या म्हणाल्या, "तुह्यं तं नळाच्या दिवशीच होते वं हे."

"काय?"

"नळ येते त्याच दिवशी तू ओरडतं. मागच्या बारीलेही नळच आला होता. मी टाकं भरून राह्यली होती."

आमच्याकडे उन्हाळ्यात नळ रोज येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतो. मी आठवून पाहिलं. खरंच तसं होतं. पण नळाचा आणि कॉम्प्युटरचा काय संबंध, ते मला कळेना. फरशी ओली होते म्हणून असेल असं मी धरलं आणि पुढच्या नळाच्या दिवशी बघायचं ठरवलं.

तो दिवस आला. नळ नेहमीपेक्षा उशिरा आला, तोवर नवरा दुकानात गेला होता. मी खोली कोरडी पुसली, रबरी चप्पल घातली, मशीन सुरू केलं आणि टेस्टर लावला. मंद दिवा. बाहेरून पाण्याचा आवाज येत होता, तरी दिवा मंदच. म्हणजे ओल नव्हे. मी बघत बसले. उकडत होतं म्हणून मी कूलरचा पंखा लावलेला होता, आणि आता पाणी आलंय म्हणून सहज कूलरच्या पंपाचंही बटण दाबलं.

टेस्टर माझ्या हातातच होता. त्याचा दिवा एकदम लखलखला.

मी पंप बंद केला, दिवा मंद झाला. सुरू केला, पुन्हा लखलख. माझ्या लक्षात आलं. टाकीत पाणी असेल तेव्हाच आम्ही पंप लावायचो, एरवी कोरडा पंखाच फिरायचा. म्हणून नळाच्या दिवशी. करंट कूलरच्या पंपातून येत होता आणि वायरिंगमधून कसातरी माझ्या मशीनच्या पत्र्यात उतरत होता. मला आनंद झाला, खरंच झाला, दोन श्वासांपुरता.

मग मला आठवलं की आमचा कूलर खिडकीच्या बाहेर, गल्लीच्या बाजूला लोखंडी स्टँडवर आहे. नळ आला की सकाळी नवराच तो भरायचा आणि मग लावायचा. आज नवरा नव्हता. आणि बाहेरून येणारा तो पाण्याचा आवाज टाक्याचा नव्हता. पाइपचं पाणी पत्र्यावर पडत होतं.

"आत्याबाई!"

उत्तर आलं नाही.

माझे पाय हलले नाहीत. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगते. पंपाचं बटण माझ्यासमोर होतं आणि मला ते दिसत नव्हतं. मला फक्त माहेरची विहीर दिसत होती. मग कुठून तरी काकांचं बोलणं डोक्यात आलं, पहिले मेन पाडायचं, माणसाला हात लावायचा नाही. मी ओसरीत पळाले आणि मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले. घर एकदम मुकं झालं.

बाहेर आत्याबाई कूलरच्या खाली चिखलात बसल्या होत्या. पाइप त्यांच्या बाजूला वाहत होता. उजवा हात त्यांनी मांडीवर धरला होता, ओठ पांढरे पडले होते. मेन पाडलेला असूनही त्यांना हात लावताना माझा हात थांबला. मग लावला. अंग गार होतं, पण त्या श्वास घेत होत्या.

"धरला होता त्यानं मले," त्या म्हणाल्या. "ओरडाले आवाजच नाई निघाला. मंग सोडलं."

मी त्यांना मिठी मारली आणि आम्ही दोघी तिथेच चिखलात बसून राहिलो. गल्लीतली माणसं जमली. कुणीतरी गाडी काढली, मेहकरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. छातीचा ईसीजी काढला, दोन बोटांवर भाजलं होतं त्याला मलम लावलं. डॉक्टर म्हणाले, ठोके ठीक आहेत, संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. नवरा दुकानातून धावत आला. आईला पाहिलं आणि दाराच्या पायरीवर डोकं धरून बसला. मग मला म्हणाला, "मी म्हणलं होतं तुह्या मनातलं भेव आहे."

"होतंच," मी म्हटलं. "मनातलं पण होतं."

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. पंपाची वायर पाण्यात कुजून उघडी पडली होती. पण खरी गोम बाथरूमच्या मागे निघाली. हिवाळ्यात आम्ही सांडपाण्याची नवी नाली खोदली होती, तेव्हा कुदळीने जमिनीत गेलेली अर्थिंगची तार तुटली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याने समजावून सांगितलं. घरातल्या तीन पिनांच्या सगळ्या सॉकेटचं तिसरं छिद्र त्याच एका तारेला जोडलेलं असतं. ती जमिनीत शाबूत असती तर पंपाचा चोरटा करंट मातीत गेला असता. तुटली, म्हणून तो तारेतच फिरत राहिला आणि तीन पिनांच्या प्लगमधून कॉम्प्युटरच्या पत्र्यात आला. टीव्हीला दोनच पिना, म्हणून तो कोरडा राहिला. तो रोजचा मंद दिवा मात्र मशीनचा स्वतःचाच होता. पॉवर सप्लायमधून जो थोडासा करंट पत्र्याकडे येतो त्यालाही जायला वाट नव्हती. दुकानात अर्थिंग नीट होती, म्हणून तिथे दोन्ही दिसले नाहीत.

नवऱ्याने स्वतः खड्डा खोदला. वायरमनने त्यात कोळसा आणि मीठ घालून पाइप पुरला, नवी तार ओढली, मेनजवळ करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. पंप फेकून दिला. मग मी मशीनवरची चादर काढली आणि टेस्टर लावला. दिवा लागला नाही. मंदसुद्धा नाही.

तरी मी त्या दिवशी काम केलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आत्याबाई बोटांना पट्टी बांधून खोलीच्या दारात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तू बस मशीनवर. मी आहे इथंच." त्या तशा रोज येऊन बसत होत्या. मला आधार म्हणून, की त्यांनाच आता एकटं आत राहायची भीती वाटत होती, ते मी विचारलं नाही. कूलर त्यांनी त्या उन्हाळ्यात पुन्हा लावू दिला नाही. आम्ही उकाड्यात राहिलो.

गल्लीत ही गोष्ट पसरली. आमच्या पलीकडे एक शिवणकाम करणाऱ्या खाला राहतात, त्यांची मशीन मोटरवर चालते आणि खिडकीत लोखंडी कूलर आहे. एका दुपारी त्या आल्या. "भाभी, आमच्या घरी भी जरा पाहून देता काय? मशीनले हात लावला का मले कधी कधी झिनझिन होते."

मला नाही म्हणायचं होतं. परक्या घरातली, माहीत नसलेली वायरिंग. पण आत्याबाई दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी चप्पल घातली.

त्यांच्या शिलाई मशीनपुढे वाकले तेव्हा माझा हात इतका थरथरत होता, की टेस्टर स्क्रूवर टिकेना. खालांनी पाहिलं.

"तुमाले डर लागते काय, भाभी?"

"लागते," मी म्हटलं. "तुम्ही मागे सरका आणि पायात चप्पल घाला."

त्यांनी घातली. मी अंगठा ठेवला. दिवा लागला.