यमुनामावशीचं चौथं बेट

यमुनामावशीला मी पहिल्यांदा पाहिलं ते कुंडलिकेच्या काठच्या रस्त्यावर, सकाळी साडेसहाला, पाठीवर नऊ किलो मीठ घेऊन चालताना. साडी पोटऱ्यांपर्यंत वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि पाठीवर डोक्याच्याही वर आलेली निळी सॅक. रोह्यात सकाळी फिरायला निघणारी माणसं पुष्कळ, पण ही साठीची बाई पुढे वाकून, तोंडाने पावलं मोजत, सगळ्यांना मागे टाकत चालली होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "मावशी, जड आहे का फार? थोडं मी घेऊ?"

ती थांबली नाही. "घ्यायचा नाय. नुसती माझ्याबरोबर चाल. आत मीठ हाय. सराव करतेय."

"कसला सराव?"

"अंदमानला जायचा," ती म्हणाली आणि पुन्हा मोजायला लागली.

त्या वर्षी मी नवऱ्यापासून वेगळी होऊन रोह्यात राहायला आले होते. कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी, भाड्याची एक खोली आणि गावात ओळखीचं कुणीही नाही. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच वेळेला त्या रस्त्यावर गेले. आठवडाभरात मावशीने मला रविवारी जेवायला बोलावलं. "एकटीसाठी कालवण करायला हात उचलत नाय गो," ती म्हणाली. तेव्हापासून माझे रविवार तिच्या घरी जायला लागले.

तिचं माहेर पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात. घरचं मिठागर. दहाव्या वर्षापासून ती खाऱ्या पाण्यात उभी राहून मीठ ओढत होती. टाचांच्या भेगा पन्नास वर्षांनीही भरल्या नव्हत्या. लग्न होऊन रोह्याला आली, एका दवाखान्यात आया म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा महेश उरणला बंदरात क्रेन चालवायचा, महिन्यातून एकदा यायचा.

अंदमानचं वेड त्या दवाखान्यातलंच. कोलाडला नदीत राफ्टिंग करायला आलेली एक मुलगी पाय मोडून तिच्या वॉर्डात दाखल झाली होती. एकटीच देशभर फिरणारी. तिने मावशीला फोनवर अंदमानचे फोटो दाखवले. निळं पाणी, रंगीत मासे, जंगलातला धबधबा. "फोटो बघून झाले ना, तर मी तिला एकच विचारलं," मावशी सांगायची, "सोबत कोण होता? ती बोलली, कुणी नाय. मी म्हटलं, अगो, मग जेवलीस का नाय विचारायला कोण? तर हसली. बोलली, मावशी, भूक लागली का मी जेवते." हे उत्तर मावशीला फार आवडलं होतं. साठ वर्षांत तिने स्वतःला भूक लागली म्हणून जेवण केल्याचं तिला आठवत नव्हतं. जाताना त्या मुलीने सॅक तिच्याकडेच ठेवली. मोडक्या पायाने ती कशी उचलणार?

कुणी काही शंका काढली की मावशीचं ठरलेलं उत्तर होतं, "बघून येऊ, मग बोलू." शेजारीण म्हणाली, तिकडे साप असतात. "बघून येऊ, मग बोलू." महेश म्हणाला, आई, यात्रेच्या बसने जा, जेवणखाण सगळं ते बघतात. ती म्हणाली, "त्या बसमध्ये खिडकीतून दाखवतात रे. मला उतरायचा हाय." शेवटी तिने मला विचारलं नाही, सांगितलंच, "तू येतेस. रजा टाक."

अंदमानात मावशीने मला सुट्टीचा अर्थ शिकवला. नील बेटावर आम्ही सहा जणींच्या खोलीत राहिलो. एकावर एक पलंग होते. मला वाटलं, ती खालचा घेईल. ती शिडीवरून सरळ वर गेली आणि तिथून म्हणाली, "जन्मात कधी माडीवर नाय झोपले." परदेशी मुलींशी ती तिच्या हिंदीत बोलायची. "हम रोहा से आया. ये बाय साथ में हाय, लेकिन सॅक हम खुद उठाता." त्या मुलींना हिंदी कळत नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी तिच्याबरोबर बाजारातून मासे घेऊन आल्या आणि मावशीने मालकिणीच्या चुलीवर सगळ्यांसाठी कालवण केलं.

बाराटांगला होडी खारफुटीच्या जंगलातून जाते. दोन्ही बाजूंनी मुळं पाण्यात उतरलेली, वर फांद्यांचं छप्पर. होडीतली माणसं गप्प होऊन फोटो काढत होती. मावशी एकदम ओरडली, "अगो, ही तर आमची तिवरं!" आणि इतकी हसली की नावाडीही हसायला लागला. "एवढ्या लांब कशाला आलो मग? पेणच्या खाडीत हीच उभी हायत, कुणी ढुंकून बघत नाय." पण उतरताना तिने एका मुळाला हात लावला आणि म्हणाली, "आमची पण एवढी मोठी झाली असती. तोडली नसती तर."

हॅवलॉकला तिने पहिल्यांदा काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी लावून समुद्रात तोंड घातलं. शिकवणाऱ्या माणसाने तिचा हात धरला होता. मी काठावर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, ती डोकं वर काढेना. मी घाबरून पाण्यात शिरले. ती वर आली, मुखवटा काढला. माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली. मला वाटलं, नाकातोंडात पाणी गेलं. मग डोळे पुसून म्हणाली, "अख्खा लहानपण पाण्यात उभी राहिले गो. घोट्याएवढ्या पाण्यात. पाण्यातून मीठ काढायचा एवढाच ठाऊक. आत हे असतं, ते कुणी सांगितलाच नाय."

तीन बेटं झाली. चौथं बाकी होतं, लिटिल अंदमान. त्या मुलीच्या फोटोतला धबधबा तिथला. पोर्ट ब्लेअरहून सरकारी जहाज जातं आणि त्याची तिकिटं सहज मिळत नाहीत. मावशी दोन सकाळी रांगेत उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दोन तिकिटं घेऊन आली आणि ती पुन्हा पुन्हा उलगडून बघत बसली.

त्याच दुपारी मला ऑफिसातून फोन आला. तपासणीची तारीख अलीकडे आली होती, परवा हजर राहता येईल का? साहेब हुकूम सोडत नव्हते, विचारत होते. मला नाही म्हणता आलं असतं. मी हो म्हटलं, कारण बढतीची यादी लागायची होती.

मावशी तेव्हा खोलीबाहेर कपडे वाळत घालत होती. तिला एकटीने जाऊ द्यायचं का, हे ठरवण्यासाठी मी महेशला फोन केला. खरं तर तो नको म्हणेल, अशी माझी खात्री होती. तो म्हणाला, "जाऊ द्या ताई तिला. तिकीट मिळवलंय तिने. फक्त पोचल्यावर फोन कर म्हणावं."

मी फोन ठेवला. ती तिथे पडली तर? हरवली तर? आणि तिला इथे सोडून मी एकटी परत गेले, तर मी कशी दिसेन? हे सगळे विचार मनात आले, पण त्यांतला शेवटचा सगळ्यात मोठा होता. मी दारात जाऊन म्हटलं, "मावशी, मला परत जावं लागतंय. आणि महेश म्हणतोय, तुम्ही एकट्या नको."

तिच्या हातात ओलं पातळ होतं. "महेश असा बोलला?"

"हो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पातळ झटकलं, दोरीवर टाकलं आणि म्हणाली, "बरं."

जेट्टीवर मी तिकिटं परत केली, तेव्हा ती बाजूला उभी होती. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की. आपण दोघी. आधी चौथं बेट, मग बाकीचं." ती म्हणाली, "व्हय."

पुढच्या वर्षी नवे साहेब आले. त्याच्या पुढच्या वर्षी मला बढती मिळाली आणि कामही वाढलं. मावशीने एकदाही आठवण करून दिली नाही. रविवारी मी जायचे, ती वाढायची. कधी मीच विषय काढायचे, या डिसेंबरात जमवू या म्हणून, आणि ती म्हणायची, "तुझी रजा बघ आधी."

तिसऱ्या वर्षी मी खरोखर रजा मंजूर करून घेतली आणि विमानाची तिकिटं काढली. ते सांगायला शनिवारीच तिच्याकडे गेले. दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोट फुगलं होतं महिनाभर, कुणाला बोलली नाही, महेशने अलिबागला दाखल केलंय.

वॉर्डात ती खाटेवर इतकी लहान दिसत होती की मी आधी पुढे निघून गेले. हात नुसते हाडांचे. तिने मला बसवलं, जेवलीस का विचारलं. मी तिला धीर द्यायला लागले. लिटिल अंदमानचं सांगायला लागले. धबधब्यापर्यंत कशी वाट जाते, तिथलं पाणी किती गार, किनाऱ्यावर कासवं कशी येतात. सगळं इंटरनेटवर वाचलेलं, पण मी रंगवून सांगत होते. ती डोळे मिटून ऐकत होती.

मग म्हणाली, "तू गेलीस काय गो तिथे?"

"नाही मावशी."

"मग नको सांगू. नाय बघितला तो नाय बघितला." श्वास घेऊन तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. "ते हॅवलॉकचे मासे सांग. पिवळे. ते मी बघितलेत."

तिच्याच तोंडून कितीदा ऐकलेल्या त्या पिवळ्या माशांबद्दल मी बोलत राहिले. ते किती होते, कसे एकदम वळायचे. माझं काही चुकलं की ती बोट हलवून दुरुस्त करायची. "पट्टे काळे. निळे नाय." चार दिवसांनी ती गेली.

दहाव्याला महेशने सगळं तिच्या माहेरच्या गावी केलं. विधी आटपल्यावर माणसं जेवायला गेली आणि आम्ही दोघं खाडीच्या बांधावर बसलो. बंद पडलेल्या मिठागरात आता तिवरं उगवली आहेत. मी तीन वर्षं न बोललेलं बोलायला तोंड उघडलं.

"महेश, अंदमानात मी तुझ्या आईला खोटं सांगितलं. तू नको म्हणालास, असं."

"माहीत हाय, ताई."

मी त्याच्याकडे वळले.

"घरी आली त्याच दिवशी तिने मला फोन करून विचारलं," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "का रे, मला का अडवलास? मी बोललो, मी कुठे अडवलं, मी तर जा बोललो. मग कळलं दोघांना. मी लय चिडलो. तुम्हाला लगेच फोन लावणार होतो. तिने शपथ घातली."

"काय म्हणाली?"

महेशने तोंडावरून हात फिरवला. "बोलली, तिला कळवू नकोस मला कळलं म्हणून. लाजेल ती. आणि मग रविवारची यायची बंद होईल. तिला दुसरं कोण हाय रोह्यात?"