मार्कचं जहाज आणि आमची एसटी

“मॅडम, काय म्हंतो ह्यो?” पठाडेसाहेबांनी विचारलं.

ह्यो म्हणजे मार्क. इंग्लंडमधल्या एका कंपनीचा परचेस मॅनेजर, समोर स्क्रीनवर. आम्ही दोघं वाळूजच्या ऑफिसात. साहेब पंपाचे पार्ट बनवतात. मार्कच्या कंपनीची ऑर्डर हातची गेली तर दुसरी शिफ्ट बंद होणार होती. मी दुभाषी. समोरचा थांबला की तेच दुसऱ्या भाषेत सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही.

पण इंग्रज माणूस सरळ बोलेल तर शपथ. चारही बाजूंनी पाणी, त्यामुळं भाषेतही पाणीच. मघापासून मार्कनं ‘आपण सगळे एकाच होडीत’ म्हणत आम्हाला होडीत बसवलं होतं, वर होडी हलवू नका म्हणून बजावलं होतं. साहेबांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी पैठणच्या धरणाचं.

आता तो म्हणाला, “आय ॲम अफ्रेड, दॅट शिप हॅज सेल्ड.” जहाज निघून गेलं. म्हणजे ऑर्डर दुसऱ्याला दिली, विषय संपला.

साहेबांना जहाजाचं काय? मी म्हटलं, “साहेब, एसटी सुटली म्हणतोय.” स्वतःवरच खूश झाले.

साहेबांचा चेहरा पडायला हवा होता. तो खुलला.

“आत्ता सुटली? मग फाट्यावर गाठू की! विचारा, पुढं कुठं थांबती?”

माझी चूक मला तिथंच कळली. गेलेलं जहाज गेलेलंच असतं. आपल्याकडं मात्र एसटीमागं मोटारसायकल घालतात, फाट्यावर आडवी लावतात, आणि कंडक्टर शिव्या देत का होईना, दार उघडतो.

“साहेब, तसं नाही. गेली ती गेली.”

“अहो, एसटी कुठं जाती? लई इचार करू नका, विचारा.”

मी मान खाली घालून इंग्रजीत विचारलं, “साहेब विचारतात, जहाज पुढं कुठं थांबणार? ते मोटारसायकलवर निघालेत.”

मार्क इतका हसला की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाला, ऑर्डर दिली खरी, पण त्या लोकांची सॅम्पल अजून पास झालेली नाहीत. तुमचीही आठवड्यात पाठवता का?

“व्हय म्हणा!” साहेब खुर्चीतून उठलेसुद्धा.

आमची सॅम्पल पास झाली, त्यांची नाही. शिफ्ट वाचली. साहेब पेढे घेऊन माझ्या घरी आले. “मॅडम, भाषांतर एकदम करेक्ट केलं तुम्ही!”

मी गुपचूप पेढा खाल्ला. हल्ली कुणाचाही नकार मराठीत सांगण्याआधी मी ऐकणाऱ्याचं गाव विचारून घेते, आणि तिथली एसटी फाट्यावर थांबते का, तेही.