लाल वांदर

ती हकिगत आठवली की आजही बसल्या जागी मला एकट्यालाच हसू फुटते. स्वातंत्र्याला नुकतीच पन्नास वर्षे झाली होती आणि मी पूर्व विदर्भात, झाडीपट्टीतल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. नक्षलवाद्यांच्या धास्तीने तेव्हा पान हलले तरी आम्ही कान टवकारायचो.

दिवाळीनंतर तिकडे मंडई भरते, म्हणजे गावजत्रा. त्यात भरदिवसा दंडार होते: ढोलकी, नाच, सोंगे, गाणी. परवानगी ठाण्याची लागते. मंडईला दोन दिवस उरले असताना आमचा खबऱ्या सायकल दामटत आला.

"सायेब, दंडारीतला म्हातारा तालमीत सरकारच्या विरोधात गाणं म्हनून राह्यला! 'लालतोंड्या घुसला रानात, हाकला रे हाकला!' अन् पोलीस दिसला का शब्दच बदलवते. मंग म्हनते, 'लाल वांदर घुसला रानात!'"

'लाल' ऐकले आणि माझे डोके फिरले. ही तर नक्षलवाद्यांची सांकेतिक भाषा, आणि हाकलायचे ते आम्हालाच! मी परवानगी रोखली आणि म्हाताऱ्याला ठाण्यात बोलावून घेतले.

ऐंशी ओलांडलेला काटक गडी. गळ्यात ढोलकी घेऊनच आला.

"बाबा, लाल म्हणजे कोण?"

"वांदर, सायेब."

"वांदराला गाणं कशाला?"

"धान खाते ना तो."

तासभर हेच. मी टेबलावर हात आपटला, तरी गडी ढिम्म. शेवटी हात जोडून म्हणाला, "परवानगी द्या, सायेब. बापाचं गाणं आहे. औंदा म्हनतो अन् ढोलकी ठेवतो. आता दम पुरत नाई." मी घाटावरचा, इथल्या वांदरांची मला काय माहिती! मनात म्हटले, म्हातारा भलताच बेरकी आहे.

जबाब लिहून घेणारे आमचे जमादार याच भागातल्या मूल गावचे. त्यांचा हात मध्येच थांबला. "सायेब, हे वांदराचं गाणं माही आजी धान कापताना म्हने. पन आमच्या गावात तं सारे वांदर काळ्या तोंडाचे! तुमी हा लाल कुठून आनला, भाऊ?"

म्हातारा खो खो हसत सुटला. "सापडलो ना बापा!"

मग सगळी हकिगत बाहेर आली. जंगल सत्याग्रहाच्या दिवसांत त्याच्या वडिलांनी वांदराच्या जुन्या गाण्यावरून हे गाणे रचले होते. लालतोंड्या म्हणजे गोरा साहेब, गवताच्या पेंढीलाही दंड लावणारा. गाण्यापायी वडील तुरुंगात गेले, ढोलकी फोडली गेली. सुटून आल्यावर त्यांनी मुलाला ताकीद दिली: पोलिसाची टोपी दिसली की वांदर म्हणायचे.

"अहो, पण स्वराज्य येऊन पन्नास वर्षं झाली!"

"मालूम आहे, सायेब. पन टोपी पाह्यली का जीभच वळते. काऊन वळते, मलेच नाई समजत."

मला हसू आवरेना, आणि लाजही वाटली. टेबल आपटून मी गोऱ्या साहेबाचेच सोंग वठवले होते की! लगेच परवानगीवर सही केली आणि ठाण्याच्या डायरीत नोंदवले: 'गाणे ऐकले. आक्षेपार्ह काही नाही. चाल झकास.' त्या शेवटच्या दोन शब्दांबद्दल वरिष्ठांनी माझी खरडपट्टी काढली, ती वेगळी.

मंडईच्या दिवशी मी गणवेशात पुढेच बसलो. गाणे त्या ओळीशी आले, म्हाताऱ्याची नजर माझ्या टोपीवर पडली आणि तो अडखळला. मी टोपी काढायला हात वर नेला.

"राहू द्या, सायेब!" तो सगळ्यांदेखत ओरडला. "टोपीसमोरच म्हनाचं आहे मले!"

आणि त्याने खणखणीत 'लालतोंड्या' म्हटले. 'हाकला रे हाकला' म्हणत सारी मंडई उसळली. आमचे जमादार तर गणवेशाचे भान विसरून नाचू लागले. माझा ऊर भरून आला होता.

चोर खोटे बोलतो, तसा घाबरलेला माणूसही बोलतो. दोघांतला फरक टेबल आपटून कळत नाही, हे मी त्या म्हाताऱ्याकडून शिकलो.

पुढच्या दिवाळीनंतर तो परवानगीचा अर्ज घेऊन हजर. म्हटले, "बाबा, तुम्ही तर ढोलकी ठेवणार होता ना?"

"ठेवतो कशाले, सायेब? खरं गाणं तं आत्ता कुठी सुरू झालं!"