मामंजीनं निवडलेलं इंजिन

तुले सांगते, पण आधी दार लोटून घे. हे मी आजवर कोणापाशीच नाई बोलली — नवऱ्यापाशी नाई, मायपाशी नाई. तशी मी पोटात गोष्ट ठेवणारी बाई नोहे. बडनेऱ्यात कोणालेही विचार, माहं तोंड सकायी उघडते ते झोपेतच बंद होते. अन् ही एक गोष्ट मात्र पाच वर्सं गियून बसली. कुठून सुरू करू? गाडीपासूनच करते.

आमचं बिछायत केंद्र हाये. खुर्च्या, गाद्या, मंडपाचे पाइप, सैपाकाचे मोठाले गंज — लग्नाघरी पोचवाचे अन् वापस आणाचे. नवरा नांदगाव पेठेले कापडाच्या कारखान्यात शिफ्टवर, म्हणून पिकअप मीच चालवते. पयले लोकं टकमक पाहात, आता नुसतं "वहिनी, जरा साइड द्या" म्हणतात. गाडी जुनी, पण हाताले बसलेली. त्या साली ऐन लग्नसराईच्या तोंडावर तिचं इंजिन गेलं. पंधरा दिवस आधीपासून खालून टुक-टुक, टुक-टुक करे. मी म्हटलं, काढन अजून थोडे दिवस. नाई काढले. मिस्त्री म्हणे, याच्यात आता जीव नाई, अकोल्याहून जुनं पण चालू इंजिन आणा.

इंजिन म्हटलं की आमच्या घरी एकच माणूस — मामंजी, माहे सासरे. रेल्वेत फिटर होते. त्याईच्या कानाची गावात काय वट होती, बाप्पा! स्क्रू खोलाचा लांब पेचकस इंजिनले टेकवाचा, मूठ कानाले लावाची, डोये मिटाचे, अन् सांगाचं — दोन नंबरचा वॉल्व्ह ढिला हाये. खोलून पाह्यलं की तसंच निघे.

पण तो कान गेला होता, बैन. एकट्या मलेच माहीत, कारण दिवसभर घरी आमी दोघंच. "चहा घेता का?" म्हटलं तं म्हणत, "हो, मघाशीच गेला तो." मले हासू ये. पण मी कोणाले सांगितलं नाई. काहून सांगू? ज्या माणसाची सारी इज्जत कानात, त्याचा कान गेला म्हणून गल्लीत कसं सांगाचं?

तं भाड्याची गाडी करून आमी दोघं अकोल्याले गेलो. मामंजीनं कडक इस्त्रीचा शर्ट घातला, खिशात पेचकस. पोरगी पाहाले चालल्यासारखे खुश! जुन्या गाड्यांच्या आवारात एक चाचा होता. त्याच्यापाशी आमच्या गाडीले बसणारे दोन इंजिन निघाले, शेजारीशेजारी लोखंडी घोड्यावर ठेवलेले. त्यानं बॅटरी जोडली, बाटलीतून डिझेल देलं, अन् एकेक सुरू करून दाखवलं. मामंजीनं डोये मिटले. सारं आवार चूप, कामगार पाने खाली ठेवून उभे. पयल्याच इंजिनपाशी मामंजीचा चेहरा असा फुलला म्हणून सांगू! "हे पाय सूनबाई, वाघ हाये वाघ!" खडू घेतला अन् त्याच्यावर आमचं आडनाव लिहून टाकलं.

अन् मले ऐकू येऊन राहिलं होतं — टुक-टुक, टुक-टुक. तेच! आमचं जुनं इंजिन जाच्या आधी जे बोले, तेच. दुसरं मात्र एका सुरात चालत होतं.

आता चारचौघात काय म्हणू? मामंजी, तुमाले आयकू येत नाई? माह्याच्यानं नाई झालं. ते बाहेर कचोरी खाले गेले तशी मी पदरानं खडू पुसला, दुसऱ्या इंजिनवर आडनाव लिहिलं, अन् चाचाले हात जोडले. चाचा हासला. म्हणे, "समझ गया, बेटी." बिलावर दुसऱ्या इंजिनचा नंबर पडला. पुढचे आरटीओचे कागद मीच केले.

इंजिन बसलं त्या दिवशी आमच्या गल्लीत दिवाळीच होती! एका सेल्फात सुरू. मामंजीनं नारय फोडला, सगयाईले पेढे वाटले. मी त्याईले शेजारच्या सीटवर बसवून अख्खं बडनेरा फिरवलं. ते प्रत्येक चौकात म्हणत, वाजव हॉर्न! मी वाजवो. मी माह्या लग्नातही तेवढी हासली नसन.

हे सांगाले दार लोटाले लावलं का? नाई. गोष्ट इथवरच असती तं मी ती कधीचीच तिखटमीठ लावून सांगितली असती.

आमच्यापासून दोन घरं सोडून गौतमभाऊ राह्यते. पाण्याच्या कॅना पोचवते, त्याचीही जुनी पिकअप. पुढच्या साली उन्हायाच्या तोंडावर त्याचंही इंजिन गेलं. आला मामंजीकडे. "काका, तुमी चला अकोल्याले. तुमच्या कानानं निवडलेलंच पाह्यजे." मामंजी पेचकस घेऊन तयार!

मी अंगणातच होती. फक्त एक वाक्य बोलाचं होतं — भाऊ, यांचा कान गेला, आमचं इंजिन मी निवडलं. बोलली का? नाई. मनात म्हटलं, मीही सोबत जाते, तं गौतमभाऊच्या डोयादेखत खडू कसा पुसणार? मामंजीचा मान जाईन — हे मी सोताले सांगितलं. खरं तं मीच उघडी पडणार होती. म्हणून डब्यात पराठे अन् लोणचं भरून देलं, अन् फाटकातून हात हालवला.

ते इंजिन दीड महिना चाललं. भर मे महिन्यात रस्त्यात बंद पडलं. गौतमभाऊ हातगाडीवर कॅना लादून त्या उन्हात ओढे, त्याची बायको मागून ढकले. अर्धे गिऱ्हाईक तुटले. मामंजी म्हणत, पोट्ट्यानं ऑइल पाह्यलं नसन. अन् गौतमभाऊ काय म्हणे, माहीत हाये? "काकाचा कान चुकाचा नाई, वहिनी. माहीच काई चूक झाली असन." मी आयकलं. आयकून घरात गेली.

मंग रोज सकायी आमची पिकअप त्याले देली. त्याच्या फेऱ्या झाल्या की मंग आमच्या खुर्च्या. सारा उन्हाया, फुकट. तो गल्लीभर सांगत फिरला, वहिनीसारखं मन कोणाचं नाई. माह्या तोंडावर म्हटलं, तं मी काय केलं? "त्यात काय एवढं, भाऊ!" म्हणून हासली.

आता सारं बेस हाये. गौतमभाऊनं सोता नागपूरहून इंजिन आणलं, धंदा पुन्हा उभा केला, औंदा दुसरी गाडीही घेतली. मामंजीनं कानात मशीन बसवली, तरी म्हणतात कान ठणठणीत हाये, आजकाल लोकंच हयू बोलतात. गल्लीतले लोकं अजूनही त्याईच्या कानाची तारीफ करतात, अन् ते ती मशीनमधून आयकतात.

दर बुद्धपौर्णिमेले गौतमभाऊच्या घरून खीर येते. सगयात मोठा डबा आमच्याकडे, तोही सगयाईच्या आधी, अन् तो सोता घेऊन येते. मामंजीले शुगर, ते दोन चमचे चाखतात. नवरा ड्युटीवर. बाकीची सारी मी खाते. गोड लागते. दर साली गोड लागते.